बांधकाम मजुराला शिकवायचे कोणी?

मुंबईच्या नागपाडा भागात ९ मार्च २०२५ रोजी, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या भूमिगत पाण्याच्या टाकीत साफसफाईसाठी उतरलेले ४ मजूर गुदमरून मरण पावले. त्या आठवड्यात देशभर राष्ट्रीय सुरक्षा सप्ताह पाळला जात होता. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. तिच्या स्मरणार्थ दरवर्षी ४ मार्चपासून कारखान्यांच्या दारांवर हिरवे झेंडे लागतात, शपथा घेतल्या जातात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. बांधकामावरील टाकीच्या तळापर्यंत मात्र हा सप्ताह सहसा पोचत नाही.

बंद टाकीतील मृत्यूंचा क्रम बहुधा ठरलेला असतो. बरेच दिवस झाकून ठेवलेल्या टाकीत साचलेले पाणी, कुजणारे सेंट्रिंगचे लाकूड आणि गाळ यांमुळे प्राणवायू कमी झालेला असतो. ही उणीव नाकाला कळत नाही, डोळ्यांना दिसत नाही. पहिला माणूस उतरतो आणि काही क्षणांत भोवळ येऊन पडतो. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. साथीदारासाठी जिवावर उदार होण्याची जी वृत्ती एरवी कौतुकाची, तीच येथे बळींची संख्या वाढविते. हा अपघात टाळण्यासाठी लागणारे ज्ञान दहा मिनिटांचे आहे. झाकण आधी उघडे ठेवावे, हवा खेळवावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा, वर एक माणूस उभा असावा, आणि आतला माणूस पडला तर वरच्याने उडी न घेता दोर ओढावा. एवढे सांगण्यासाठी ना अभियंता लागतो, ना मोठा खर्च. तरीही हे सांगितले जात नाही. का सांगितले जात नाही, या प्रश्नाचे उत्तर मालकांच्या निष्ठुरपणात शोधण्याची आपल्याकडे प्रथा आहे. निष्ठुरपणा असेलही; परंतु हा प्रश्न मुख्यतः अर्थव्यवहाराचा आहे आणि त्याची उकल त्याच अंगाने केली पाहिजे.

शेतीखालोखाल सर्वांत अधिक हातांना काम देणाऱ्या क्षेत्रांत आज बांधकामाची गणना होते. शेतीतून बाहेर पडलेला माणूस कारखान्यात जाईल, ही १९५० नंतरच्या नियोजनकारांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो गेला परांचीवर. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी, कलबुर्गी-विजापूरकडील लमाणी कुटुंबे, बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल येथील तरुण, छत्तीसगडची जोडपी, हे सारे पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर दिसतात. कारखान्यात जाणाऱ्या कामगारासाठी उमेदवारीची पद्धत होती, १९४८ चा कारखाना अधिनियम होता, संघटना होती. काल खुरपे धरणारा माणूस आज सकाळी दहाव्या मजल्यावर घमेले घेऊन उभा राहतो तेव्हा त्या दोन अवस्थांच्या मध्ये काहीही नसते. मुकादम म्हणतो, ‘वर जा’, आणि तो वर जातो.

शिक्षणाने काय होते, काय होत नाही

या विषयाची चर्चा करताना एक सावधगिरी बाळगावयास हवी. प्रत्येक दुर्घटनेनंतर ‘मजुरांना प्रशिक्षण नव्हते’ असे म्हणणे सोयीचे असते, कारण त्यात दोष अज्ञानावर जातो आणि अज्ञान मजुराचे असते. कोंढव्यात २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत कोसळून तिच्या कडेला पत्र्याच्या खोपटांत झोपलेली १५ माणसे मेली. त्यात लहान मुलेही होती. त्यानंतर तीनच दिवसांनी आंबेगावात तशीच भिंत पडून ६ जण दगावले. झोपलेल्या माणसाला कोणते प्रशिक्षण वाचविणार होते? शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळई बसविणारे यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. ठाण्यात त्याच वर्षी १० सप्टेंबरला एका उत्तुंग इमारतीचे उद्वाहन तुटून ७ मजूर गेले. ते दिवसाचे काम आटोपून खाली येत होते. यंत्राची तपासणी, पायाची मजबुती, भिंतीचा आराखडा या गोष्टी मजुराच्या हातातल्या नव्हेत. तेथे शिक्षण हवे ते अभियंत्याला आणि कंत्राटदाराला, आणि त्याहीपेक्षा हवा तो दंडाचा धाक.

तथापि वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येणाऱ्या अशा मोठ्या दुर्घटना म्हणजे या व्यवसायातील एकूण मृत्यू नव्हेत. बांधकामावरचा मजूर बहुधा एकेकटा मरतो. लिफ्टच्या उघड्या डक्टमध्ये अंधारात पाय पडतो. परांचीचा बांबू सुतळीने बांधलेला असतो तो सुटतो. कडेला कठडा नसलेल्या स्लॅबवर सळईचा तुकडा ओढताना तोल जातो. ओल्या फरशीवर उघड्या वायरीचे टोक थेट सॉकेटात खुपसून चालविलेले कटर हातात असताना विजेचा धक्का बसतो. पाणलोहनळासाठी खणलेल्या चराची कड ढासळते. भारतीय मानकानुसार दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यावा किंवा कडा उतरत्या ठेवाव्यात, हे त्या चरात उतरणाऱ्याला ठाऊक नसते आणि उतरविणाऱ्याला ठाऊक असले तरी आधाराच्या फळ्यांचे पैसे कोणी मोजलेले नसतात. जगभर या व्यवसायातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण उंचीवरून पडणे हेच आहे.

आणि जे मरत नाहीत, पण हळूहळू निकामी होतात, त्यांचा तर कोठेच उल्लेख नसतो. सिमेंट पाण्यात कालवले की ते क्षारधर्मी होते आणि कातडी जाळते. त्यातील क्रोमियममुळे काहींना कायमचा इसब जडतो. ‘सिमेंट हात खाते’ असे बिगारी बायका सहज म्हणतात आणि रात्री हाताला खोबरेल लावतात. लादी व ग्रॅनाइट कोरडे कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते ती परत निघत नाही. सिलिकोसिस दहा-पंधरा वर्षांनी प्रकट होतो तेव्हा तो कारागीर गावी परतलेला असतो आणि तेथील डॉक्टर त्याला क्षयाची औषधे देतो. कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ बरीच बसते. एक बादली पाण्याचा हा उपाय ज्याला सांगितला गेला नाही, त्याच्या आयुष्याची किंमत कोणत्याही हिशेबवहीत लागत नाही.

या एकेकट्या मृत्यूंच्या बाबतीत आणि या सावकाश होणाऱ्या आजारांच्या बाबतीत शिक्षणाला खरे स्थान आहे. मजूर टाकीत उतरण्यास, आधार नसलेल्या चरात जाण्यास, कठडा नसलेल्या कडेवर काम करण्यास ‘नाही’ म्हणू शकला पाहिजे. ‘नाही’ म्हणण्यासाठी आधी धोका ओळखता यावा लागतो, आणि मग नाही म्हटल्याबद्दल दुसऱ्या दिवशीची हजेरी बुडू नये लागते. पहिली गोष्ट शिक्षणाची, दुसरी कायद्याची. एकीवाचून दुसरी व्यर्थ आहे.

पट्टा आहे, पण अडकवायचा कोठे?

कंत्राटदारांची नेहमीची तक्रार अशी की, हेल्मेट दिले तरी मजूर ते घालत नाही, पट्टा दिला तरी बांधत नाही. तो आपल्या जिवाबद्दल बेफिकीर आहे. तक्रार खोटी नाही. परंतु तिच्या मुळाशी जावयास हवे. मे महिन्यात स्लॅबवर प्लॅस्टिकचे हेल्मेट घालून आठ तास काम करून पाहिले म्हणजे ते डोक्यावरून का उतरते हे समजते. पट्ट्याची गोष्ट याहून बोलकी आहे. सुरक्षा पट्टा कमरेला किंवा खांद्याला असून भागत नाही. त्याचा आकडा डोक्याच्या वर बांधलेल्या भक्कम दोराला अडकवावा लागतो. असंख्य बांधकामांवर पट्टे असतात, दोर नसतो. मग मजूर आकडा परांचीच्याच बांबूला अडकवतो, म्हणजे परांची पडली की तिच्याबरोबर तोही पडणार. किंवा आकडा पाठीवर तसाच लोंबत ठेवतो. निरीक्षकाला दाखविण्यापुरता पट्टा झाला. ज्याने पट्टा दिला त्याने तो कोठे अडकवायचा हे दाखविले नाही, आणि दाखवावयाचे तर आधी दोर बांधावा लागला असता.

यात भर पडते ती मापावरच्या कामाची. गिलाव्याचा, फरशीचा, सळई बांधण्याचा ठेका टोळीला चौरस फुटावर किंवा टनावर दिला जातो. पट्टा प्रत्येक वेळी सोडून पुन्हा अडकवायचा म्हणजे दिवसाचे माप कमी भरणार. मोबदला वेगाला आणि उपदेश सावधपणाचा, अशा स्थितीत माणूस कोणते ऐकेल? पुण्यात येरवड्याला ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री तळमजल्याखालील स्लॅबसाठी उभारलेली सळयांची अवजड जाळी कोसळून ५ मजूर तिच्याखाली सापडले. काम रात्री चालू होते. रात्रीच्या वेळी, थकलेल्या हातांनी, वेळेची मुदत गाठण्यासाठी चालणारे काम हा आता अपवाद राहिलेला नाही.

प्रशिक्षणाचा एक गैरवापरही संभवतो. ‘त्याला शिकविले होते, त्याची सही आहे, त्याने ऐकले नाही’ हा बचाव मालकाला उपलब्ध होतो. अंगठा उमटविलेला कागद हे शिक्षण नव्हे. जेथे कठडा बांधता येतो तेथे कठडा न बांधता पट्टा देणे, आणि पट्टा अडकवावयास जागा न देता व्याख्यान देणे, ही जबाबदारी खाली ढकलण्याची परंपरा आहे; आणि खाली ढकलण्यात आपल्याकडील बांधकाम व्यवसाय निष्णात आहे. विकासक मुख्य कंत्राटदाराकडे बोट दाखवितो, तो मजूर पुरविणाऱ्या ठेकेदाराकडे, ठेकेदार मुकादमाकडे. दुर्घटनेनंतर ज्यांना तातडीने अटक होते त्यांत बहुधा साइटवरचा पर्यवेक्षक असतो, जो स्वतःही पगारीच असतो.

बाजार हे शिक्षण का देत नाही

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मजुरीच्या दरांतील फरकांची कारणे सांगताना गवंड्याचे उदाहरण घेतले होते. कडाक्याच्या थंडीत व खराब हवेत त्याला काम मिळत नाही, म्हणून काम असते त्या दिवसांची त्याची मजुरी अधिक असते, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याच विचारसरणीनुसार पुढे असे मानले गेले की धोक्याच्या कामाला अधिक मजुरी मिळते आणि ती वाढीव मजुरी देणे टाळण्यासाठी मालक आपणहून धोका कमी करतो. ग्रंथातील ही साखळी पुण्याच्या किंवा ठाण्याच्या मजूर अड्ड्यावर तुटते. सकाळी सात वाजता चौकात उभ्या असलेल्या माणसाला कोणत्या साइटवर किती धोका आहे हे माहीत नसते. माहीत असले तरी दहा वाजेपर्यंत काम न मिळाल्यास तो दिवस फुकट जातो आणि गावाकडे घेतलेली उचल डोक्यावर असते. धोक्याची किंमत ठरविण्यासाठी ज्ञान आणि नकाराची ताकद लागते. त्याच्याजवळ दोन्ही नाहीत.

मालकाच्या बाजूचे गणित गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मानवी भांडवलावरील आपल्या ग्रंथात मांडले. जे शिक्षण कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते, त्याचा खर्च एक मालक का करील? आज शिकविलेला सेंट्रिंगवाला पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या स्लॅबवर असेल. शिक्षणाचा खर्च एकाचा, लाभ दुसऱ्याचा. बेकरचे म्हणणे, असा खर्च मग कामगार स्वतः करतो. रोजंदारीवरचा बिगारी दिवसाची मजुरी बुडवून सुरक्षेचा पाठ घेण्यास येईल, अशी अपेक्षा कोणीही शहाणा माणूस करणार नाही. परिणामी ज्याची सर्वांना गरज आहे त्याचा खर्च कोणीच करीत नाही. ज्यांना अर्थशास्त्राची परिभाषा आवडते ते याला बाजाराचे अपयश म्हणतात.

ब्रिटनने याच प्रश्नावर १९६४ साली औद्योगिक प्रशिक्षणाचा कायदा करून तोडगा काढला. त्याखाली बांधकाम उद्योगासाठी स्वतंत्र प्रशिक्षण मंडळ निघाले. सर्व बांधकाम मालकांच्या वेतनखर्चावर पट्टी बसवायची आणि त्या पैशांतून जो मालक आपल्या माणसांना शिकवील त्याला अनुदान द्यायचे, अशी त्याची रचना आहे. शिकविणारा मालक तोट्यात राहात नाही आणि न शिकविणारा फुकट लाभ घेऊ शकत नाही. आयर्लंडमध्ये एक दिवसाचा पाठ घेतल्याचे कार्ड असल्याखेरीज बांधकामावर पाऊल ठेवता येत नाही आणि ते कार्ड चार वर्षांनी नवे करावे लागते. न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये केलेल्या कायद्याने मोठ्या बांधकामांवरील कामगाराला ४० तासांचे सुरक्षा-शिक्षण सक्तीचे केले. या देशांत अपघात होत नाहीत असे नव्हे. परंतु ‘शिकवायचे कोणी’ हा प्रश्न तेथे शिल्लक नाही.

पट्टी आपणही बसविली

आपल्याकडे पट्टी बसविली गेली नाही असे कोणी म्हणू नये. इमारत व इतर बांधकाम कामगारांसंबंधीचा अधिनियम आणि त्याच्या जोडीचा उपकर अधिनियम हे दोन्ही १९९६ चे. बांधकाम खर्चाच्या किमान १ टक्का उपकर घ्यावा, तो राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जमा व्हावा आणि त्यातून नोंदित कामगारांना लाभ मिळावेत, अशी ती योजना. महाराष्ट्राने त्याखालील नियम केले ते २००७ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. खर्च मोजताना जमिनीची किंमत वगळली जाते हे एक वेळ समजण्यासारखे आहे. परंतु नियमांनुसार मेलेल्या किंवा जखमी झालेल्या कामगाराला दिलेली भरपाईही त्यातून वजा होते. अपघाताची भरपाई दिली तर उपकर तेवढ्याने कमी, ही सवलत ज्याला सुचली त्याच्या कल्पकतेला दाद द्यावयास हवी.

पैसा जमला, आणि पडून राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात या कारभारावर कठोर ताशेरे ओढले तेव्हा देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर गोळा झाला होता आणि त्यातील सुमारे ९,५०० कोटीच कामगारांसाठी खर्च झाले होते. बाकी सुमारे २८,००० कोटी राज्यांच्या मंडळांकडे होते. काही ठिकाणी या निधीतून लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रे घेतली गेल्याचेही त्या सुनावणीत निघाले.

त्यानंतर खर्च वाढला, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात मंडळाने शिष्यवृत्त्या दिल्या, काही काळ मध्यान्ह भोजन दिले, सुरक्षा संच दिले आणि गृहोपयोगी भांड्यांचे संचही दिले. भांडी मिळालेल्या बाईला ती नकोत असे कोण म्हणेल? पण वस्तू वाटणे आणि शिकविणे यांत राज्यकर्त्यांच्या दृष्टीने एक महत्त्वाचा फरक आहे. वाटलेल्या वस्तूचे छायाचित्र निघते. कार्यक्रम होतो, मंडप पडतो. न पडलेल्या मजुराचे छायाचित्र निघत नाही. सुरक्षा संचातील पट्टा घरी खुंटीवर लटकत राहिला तरी तो ‘वाटप झाला’ या रकान्यात मोजला जातो. शिवाय मंडळाचे लाभ नोंदणी झालेल्यालाच मिळतात, नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि सर्वांत धोक्याचे काम करणारा जो नवखा, परप्रांतीय, चार महिन्यांसाठी आलेला तरुण, त्याच्याकडेच तो नसतो.

यात मंडळांचा सारा दोष नाही. १९९६ च्या अधिनियमाने मंडळांची जी कामे नावानिशी सांगितली त्यांत अपघातसाहाय्य, निवृत्तिवेतन, घरासाठी कर्ज, विमा, मुलांचे शिक्षण, औषधोपचार, प्रसूतिसाहाय्य हे सारे होते. खुद्द कामगाराचे शिक्षण नव्हते. ते ‘इतर कल्याणकारी उपाय’ या पोटात शोधावे लागे. मजूर मेल्यानंतर काय द्यावे याचा विचार कायद्याने बारकाईने केला, तो मरू नये म्हणून काय सांगावे याचा विचार दुसऱ्यावर सोडला.

आता चित्र बदलले आहे, निदान कागदावर. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीची २०२० ची संहिता आणि त्याच वर्षीची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि १९९६ चे दोन्ही अधिनियम त्यांत विलीन झाले. सामाजिक सुरक्षा संहितेने मंडळाच्या कामांत कौशल्यविकास व जागृतीच्या योजना स्पष्टपणे घातल्या. सुरक्षा संहितेने माहिती, शिक्षण व देखरेख पुरविणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले. पूर्वी ५०० कामगार असलेल्या बांधकामावरच सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता. ती मर्यादा २५० वर आली. ही प्रगती होय. परंतु दुसऱ्या बाजूला उपकराची आकारणी मालकाने स्वतःच करावयाची आहे, आणि निरीक्षकाने कोठे जावे हे संगणक ठरविणार आहे. निरीक्षकाच्या नावातच आता सुविधा पुरविण्याचे काम जोडले गेले आहे. लाचलुचपत रोखण्याचा हेतू चांगला असेल. पण परांची दोन महिने उभी असते, आणि संगणकाची सोडत निघेपर्यंत ती उतरलेली असते. २५० ची मर्यादाही बहुतेक बांधकामांना लागू पडत नाही. गल्लीबोळांतील चार-सहा मजली इमारतींवर एका वेळी वीस-तीस माणसे असतात, आणि परांची सुतळीने बांधली जाते ती तेथेच. दहापेक्षा कमी मजूर असतील तर ते काम संहितेच्या व्याख्येतच बसत नाही.

खर्चाचा बाऊ

खर्च परवडत नाही, या आक्षेपात तथ्य नाही, हे एका साध्या हिशेबाने दिसेल. समजा, १०० कोटी रुपयांच्या बांधकामावर वर्षभरात येऊन-जाऊन १,००० मजूर काम करतात. प्रत्येकाला कामावर घेताना एक पूर्ण दिवस शिकवायचे, त्या दिवसाची ८०० रुपये मजुरी द्यायची आणि शिकविणारा, साहित्य व जेवण यांसाठी माणशी ४०० रुपये धरायचे. एकूण खर्च १२ लाख. त्याच बांधकामावरील उपकर १ कोटी. म्हणजे उपकराचा आठवा हिस्साही लागत नाही. आता दुसरी बाजू पाहावी. १९२३ च्या भरपाईच्या कायद्याचे सूत्र असे की, मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरविलेल्या आकड्याने गुणायचे. २०२० मध्ये त्यासाठी वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली. त्या मर्यादेत २० वर्षांच्या मजुराच्या मृत्यूची भरपाई येते १६ लाख ८० हजार. एक मृत्यू टळला तरी वर्षाचे शिक्षण वसूल होते. हिशेब इतका सरळ असूनही तो कोणी करीत नाही, कारण बहुतांश कुटुंबे या रकमेपर्यंत पोचतच नाहीत. गाव दूर, भाषा वेगळी, मालक कोण हे सिद्ध करावयाचे, आणि समोर शववाहिकेचे भाडे व रोख काही हजार घेऊन उभा असलेला मुकादम. भरपाई स्वस्तात मिटते तोवर शिक्षण महाग वाटणारच.

शिकवायचे कसे, हाही प्रश्न दुय्यम नाही. बांधकामांच्या फाटकावर इंग्रजीत आणि क्वचित मराठीत लिहिलेले फलक असतात; आत काम करणारा बंगाली, तेलुगू किंवा छत्तीसगढी बोलतो आणि पुष्कळदा वाचू शकत नाही. भाषणाने हे होणार नाही. बोलावे थोडे आणि दाखवावे फार. तेही त्याच्याच भाषेत, त्याच्याच परांचीजवळ. आणि दाखविणारा असावा तो टोळीतला जुना मिस्त्री. ज्याच्या शब्दावर टोळी चालते त्याला आधी चार दिवस शिकवून, मानधन देऊन शिक्षक करावे. पुण्या-मुंबईत बांधकाम व्यवस्थापनाच्या पदव्या देणाऱ्या संस्था आहेत, मुंबईत शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे. ज्ञानाचा तुटवडा नाही. ते ज्ञान व्यवस्थापकाच्या खोलीपर्यंत येऊन थांबते एवढेच. केंद्राने जून २०२२ मध्ये सुमारे एक लाख बांधकाम कामगारांच्या कौशल्यवाढीची योजना जाहीर केली, ती कोट्यवधी मजुरांच्या देशात होती.

सुरुवात करण्यासाठी नव्या कार्यालयाची किंवा नव्या कायद्याची वाट पाहावयास नको. मजुराला मंडळाकडे जाताना ९० दिवसांचा दाखला न्यावा लागतो आणि तो ठेकेदाराने किंवा ग्रामसेवकाने दिलेला असतो. बांधकामास परवानगी देताना महापालिका उपकराचा भरणा पाहते. संहितांखालील राज्याच्या नियमांत दाखल्यावर ‘शिक्षण दिल्याचा दिनांक, शिकविणाऱ्याचे नाव, भाषा’ एवढे तीन रकाने घालता येतील, आणि ज्याने ते खरोखर भरले त्या मालकाला त्या दिवसाची मजुरी उपकरातून परत देता येईल. रकाने खोटे भरले जातील, असा आक्षेप येईल. काही भरले जातीलच. पण साइटवर जाऊन कोणत्याही दहा मजुरांना ‘टाकीत माणूस पडला तर काय कराल?’ एवढे विचारले, तर खरे-खोटे पाच मिनिटांत कळते. आणि हा प्रश्न विचारण्यासाठी निरीक्षकाला संगणकाच्या सोडतीची गरज पडू नये, अशी तरतूद नियमांतच करावी लागेल.